धरण उशाला, कोरड घशाला

शहापूरहून किन्हवली-मुरबाडच्या बाजूला निघालात की थोड्याच वेळात भातसा नदी आडवी येते आणि तिच्या काठी सापगाव लागते. येथील पुलाखालून जे पाणी वाहत जाते, ते पुढे पिसे येथील बंधाऱ्यापाशी मोठमोठ्या पंपांनी उचलले जाते, शुद्ध केले जाते आणि मुंबईच्या नळांतून घराघरांत पोहोचते. याच शहापूर तालुक्यात १८९२ साली बांधून पुरे झालेले तानसा धरण आहे, वैतरणेवरचे मोडकसागर आहे. एवढ्या मोठ्या शहराची तहान भागवणारा हा तालुका. पण एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे.

ही म्हण आज मी एका वेगळ्याच गोष्टीसाठी वापरणार आहे. तुमच्या छातीत डाव्या बाजूला जो पंप रात्रंदिवस चालू आहे, त्याची अवस्थाही अशीच आहे. शरीरातले सगळे रक्त त्याच्या पोटातून जाते, पण त्यातले स्वतःच्या उपयोगासाठी त्याला थेट घेता येत नाही. आतल्या अस्तराचा एक अगदी पातळ थर सोडला, तर हृदयाच्या जाड भिंतीला लागणारा प्राणवायू वेगळ्या नळांनी आणावा लागतो. हे नळ म्हणजे हृदयरोहिणी. (काही पुस्तकांत रोहिणीला धमनी म्हटलेले असते, वस्तू तीच.) महारोहिणी हृदयातून बाहेर पडते न पडते तोच तिला या दोन बारीक शाखा फुटतात आणि हृदयावरच पसरतात. हे नळ चोंदले तर रक्ताने भरलेले हृदय रक्तावाचून तडफडते.

आधी या पंपाचे थोडे गणित करून पाहू. मनगटावर बोटे ठेवून एका मिनिटातले ठोके मोजा. समजा ७२ आले. प्रत्येक ठोक्याला डावी जवनिका (हिला निलय असेही म्हणतात) सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर आणि दिवसाला सात हजार लिटरांहून अधिक. गावात येणाऱ्या टँकरच्या हिशेबाने पाऊण टँकर तरी होईल. आता काम किती होते तेही काढा. रक्ताचा सरासरी दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटर उंचीइतका, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १३,३०० न्यूटन. त्याला ७० मिलिलिटरने, म्हणजे ०.००००७ घनमीटरने, गुणले की उत्तर येते जवळजवळ एक ज्यूल. शंभर ग्रॅमचा कांदा जमिनीवरून एक मीटर उचलायला जेवढे काम लागते तेवढे! ऐकायला किरकोळ वाटते. पण दिवसाला असे एक लाखाच्या वर ठोके पडतात. एक लाख ज्यूल म्हणजे हजार किलोग्रॅमचे ओझे तीन मजल्यांइतके उंच चढवणे. हा हमाल आयुष्यभर एक दिवसही रजा घेत नाही.

साहजिकच त्याची स्वतःची भूक मोठी आहे. हृदयाचे वजन शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का असेल-नसेल, पण विश्रांतीच्या वेळीही एकूण रक्ताच्या वीस भागांपैकी एक भाग त्याच्या वाट्याला जातो. मिनिटाला सुमारे पाव लिटर. आणि आलेल्या रक्तातला सुमारे तीन चतुर्थांश प्राणवायू ते काढून घेते. हातापायांच्या स्नायूंचे तसे नसते. ते विश्रांतीच्या वेळी थोडाच प्राणवायू घेतात. गरज वाढली की त्याच रक्तातून अधिक ओढून घेऊ शकतात. हृदयाजवळ अशी शिल्लक नाही. त्याचे काम वाढले की त्याला अधिक रक्तच आणावे लागते, दुसरा उपाय नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. जवनिका आकुंचन पावते तेव्हा तिच्या भिंतीत शिरलेल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात, त्यामुळे डाव्या भिंतीला बहुतेक रक्त मिळते ते दोन ठोक्यांच्या मधल्या उसंतीत. चढावर धाप लागून ठोके वाढले की गरज वाढते आणि नेमकी उसंत कमी होते. डोक्यावर हंडे घेऊन विहिरीची वाट चढणाऱ्या बाईच्या हृदयाची परीक्षा होते ती अशी.

आता नळाकडे वळू. १८४० च्या सुमारास फ्रान्समधल्या प्वाझय नावाच्या गृहस्थांनी काचेच्या अतिशय बारीक नळ्यांतून पाणी सोडून एक नियम शोधून काढला. हे गृहस्थ शिक्षणाने डॉक्टर, पण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्यांचे नाव कायमचे राहिले. नियम असा : दाब तोच ठेवला, तर नळीतून मिनिटाला जाणारा द्रव नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, पाव होत नाही; सोळावा हिस्सा होतो. पहिल्यांदा ऐकताना वर्गात कोणाचाच यावर विश्वास बसत नाही. दोन निरनिराळ्या जाडीच्या शीतपेयाच्या नळ्या घ्या आणि दाट काकवी ओढून पाहा, म्हणजे पटेल.

स्त्रियांच्या हृदयरोहिणी पुरुषांच्या मानाने सरासरीने थोड्या बारीक असतात. शरीराच्या आकाराचा फरक वजा केला तरी असतात. आता समजा एका रोहिणीचा आतला व्यास ४ मिलिमीटर आहे आणि दुसरीचा ३. दोन्हींच्या आतून चरबी व चुन्याचा अर्धा मिलिमीटर जाडीचा थर बसला. पहिलीचा व्यास उरला ३, दुसरीचा २. तीन चतुर्थांशचा चौथा घात म्हणजे ०.३२, दोन तृतीयांशचा चौथा घात म्हणजे ०.२०. थर तेवढाच, पण मोठ्या नळीत मूळच्या प्रवाहाचा एक तृतीयांश शिल्लक राहिला आणि लहान नळीत फक्त एक पंचमांश. हे गणित वहीत स्वतः करा, घातांकांचा सरावही होईल. अर्थात रक्त म्हणजे पाणी नव्हे आणि रोहिणी म्हणजे काचेची नळी नव्हे. वाट अरुंद झाली की पुढच्या बारीक वाहिन्या सैल होऊन शरीर तूट भरून काढते, म्हणून बरीच वर्षे माणसाला काहीच जाणवत नाही. पण ही भरपाई करण्याची ताकद संपत आली की थोड्या श्रमानेही हृदय कुरकुरू लागते. आणि एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडून त्यावर रक्ताची गुठळी धरली, तर वाट एकदम बंद होते. त्या वाटेवरचा स्नायू मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात.

झटका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला प्रसंग येतो. पन्नाशीचे रुबाबदार वडील मुलाशी भांडता भांडता एकदम छातीवर मूठ दाबतात आणि कोचावर कोसळतात. आता आठवून पाहा, या प्रसंगात किती वेळा आई होती? जवळजवळ नाहीच. १८ मे २०१७ रोजी पहाटे मराठी रंगभूमीवरच्या आणि चित्रपटांतल्या नामवंत अभिनेत्री रीमा लागू मुंबईत वारल्या, तेव्हा त्यांचे वय ५८ होते. रात्री छातीत दुखू लागले म्हणून त्यांना रुग्णालयात नेले होते. हिंदी चित्रपटांतली आई म्हणून त्यांचा चेहरा देशभर ओळखीचा, त्यामुळे घरोघरी लोक हळहळले. आणि पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य होते, ‘बाईमाणसाला हार्ट अटॅक?’ हे आश्चर्यच चुकीच्या समजुतीतून आलेले आहे. जगभरात स्त्रियांच्या दर तीन मृत्यूंपैकी सुमारे एक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतो. कोणत्याही एका कर्करोगापेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे.

ही समजूत आली कुठून? तिला मोठा इतिहास आहे. १७६८ साली लंडनच्या हेबर्डन या वैद्याने चालताना छाती आवळणाऱ्या या दुखण्याचे पहिले नीट वर्णन केले. त्याने पुढे लिहून ठेवले आहे की, असे जवळजवळ शंभर रुग्ण आपण पाहिले आणि त्यांत बायका तीनच. वर्णन इतके नेमके होते की ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. पण ते मुख्यतः पुरुषांचे वर्णन होते. पुढे विसाव्या शतकातही तेच. अॅस्पिरिनच्या गोळीने झटका टळतो का, हे पाहणारा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, त्याचा निकाल १९८९ मध्ये आला. त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि सर्वच्या सर्व पुरुष! १९९१ साली बर्नाडीन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी याला एक मार्मिक नाव दिले. आयझॅक सिंगर यांच्या एका कथेत येंटल नावाची मुलगी शिकायला मिळावे म्हणून मुलाचा वेष घेते. हीलीबाई म्हणाल्या, हृदयरोगी स्त्रीचे तसेच झाले आहे. आपले हृदय पुरुषाच्या हृदयाइतकेच बिघडले आहे असे सिद्ध केल्यावाचून तिला त्याच्यासारखा उपचार मिळत नाही.

यातला ऋतुबदलाचा भागही खरा आहे, तो सांगायला हवा. मासिक पाळी चालू असेपर्यंत स्त्रीच्या शरीरातली इस्ट्रोजेन ही संप्रेरके रक्तवाहिन्यांना काही प्रमाणात जपतात. पाळी गेल्यानंतर हे संरक्षण ओसरते. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरीने नऊ वर्षे उशिरा येतो असे आढळले. त्याच अभ्यासात हेही दिसले की, भारत आणि शेजारच्या देशांत स्त्री-पुरुष दोघांनाही झटका इतर देशांपेक्षा लवकर येतो. उशिरा येतो याचा अर्थ येत नाही असा लोकांनी लावला, एवढेच. आणि मधुमेह असला तर ही नऊ वर्षांची सवलतही बहुतांशी बुडते. बाळंतपणाच्या वेळी रक्तदाब फार चढलेला असणे किंवा तेवढ्यापुरती साखर वाढलेली असणे, हीही पुढच्या काळासाठी नोंद करून ठेवण्यासारखी बाब आहे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ती आपण होऊन सांगावी.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आहेत. एक चुलीचा धूर. गॅसची टाकी घरात आली असली तरी पाणी तापवायला आणि भाकरी भाजायला पुष्कळ घरांत अजून लाकूडफाटाच जळतो. त्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसांवाटे रक्तवाहिन्यांना त्रास देतात. दुसरी गोष्ट मिश्री. ज्या आजीने उभ्या जन्मात विडी ओढली नाही ती सकाळ-दुपार मिश्री लावत बसते आणि आपल्याला तंबाखूचे व्यसन नाही असे मनापासून मानते. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. हिरडीतून निकोटीन रक्तात जाते आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढवते. वर सांगितलेल्या ५२ देशांच्या अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका वाढलेला आढळला होता.

आता मुख्य प्रश्न. धोक्याची सूचना कशी ओळखायची?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पण काल्पनिक असले तरी ते तुम्हांला कोणा ना कोणाची आठवण करून देईल. आषाढातले दिवस आहेत, भाताची आवणी चालू आहे. सापगावाकडच्या एका घरातल्या आई, वय पंचावन्न. दरवर्षी त्या दिवसभर चिखलात वाकून लावणी करतात. यंदा मात्र दोन-तीन आठवड्यांपासून त्यांना काहीतरी निराळे वाटते आहे. बांधापर्यंत चालले तरी बसावेसे वाटते. रात्री झोप मोडते. दोन खांद्यांच्या मध्ये जड वाटते, बसले की कमी होते. एका सकाळी भाकऱ्या थापता थापता त्यांना दरदरून घाम सुटतो, मळमळते, जबडा आणि डावा दंड दुखू लागतो. सून विचारते, ‘‘आई, दवाखान्यात जाऊ या का?’’ त्या म्हणतात, ‘‘काय नाय गं, पित्त झालंय. जरा ओवा दे. आज आवणीला माणसं यायचीत.’’

या बाईंच्या छातीत कळ आलेली नाही. त्यामुळे घरात कोणाच्याही मनात हृदयाचा विचार येत नाही.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी शरीराचे तारखाते पाहावे लागेल. त्वचेला टाचणी टोचली तर नेमकी कुठे टोचली हे डोळे मिटूनही सांगता येते. हृदयाचे तसे नाही. हृदयाकडून वेदनेचा निरोप आणणाऱ्या तारा मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, त्याच भागात छातीच्या, पाठीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या तारा येऊन मिळतात. जुन्या टेलिफोनच्या जमान्यात दोन घरांची एकच लाईन असली म्हणजे फोन कोणाकडून आला हे पलीकडच्याला कळत नसे; मेंदूचे तसेच होते. त्याला हातापाठीकडून निरोप येण्याची जन्मभराची सवय असते, हृदयाकडून कधीच नसते. म्हणून तो पाठ दुखते, हात दुखतो, जबडा दुखतो असा अर्थ लावतो. शिवाय हृदय व जठर या दोघांकडे जाणारी एक लांबलचक चेता आहे, तिच्यामुळे मळमळ आणि ओकारी होते. पित्त म्हणून ज्याची बोळवण होते, ते पुष्कळदा हेच असते.

२००३ साली अमेरिकेत मॅकस्वीनी या संशोधक बाईंनी झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांना सविस्तर प्रश्न विचारले. त्यांतल्या शंभरातल्या पंचाण्णव जणींना आधीच्या काळात आपल्या प्रकृतीत काहीतरी नवीन बदल जाणवला होता. ७१ टक्के स्त्रियांना न समजणारा थकवा होता, ४८ टक्क्यांची झोप बिघडली होती, ४२ टक्क्यांना धाप लागत होती. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी ५८ टक्क्यांना धाप लागली. आणि ४३ टक्के स्त्रियांना त्या वेळी छातीत दुखलेच नाही. पुढे २०१२ मध्ये अकरा लाखांहून अधिक अमेरिकन रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. छातीत न दुखता झटका आलेले पुरुष शंभरात ३१, स्त्रिया ४२.

इथे विद्यार्थ्यांनी दोन ठिकाणी सावध राहावे. पहिले असे, की ४२ जणींना दुखले नाही म्हणजे ५८ जणींना दुखले! छातीत दाब, आवळल्यासारखे, जळजळ, वजन ठेवल्यासारखे वाटणे, हे स्त्रियांमध्येही सर्वांत जास्त आढळणारे लक्षण आहे. ‘बायकांची लक्षणे वेगळीच’ असे वर्तमानपत्रांत छापून येते ते अर्धवट आहे. छातीतल्या त्रासाबरोबर इतर लक्षणे असण्याचे आणि कधी फक्त तीच असण्याचे प्रमाण स्त्रियांत जास्त, असे म्हणणे बरोबर. दुसरी गोष्ट तर्काची आहे. ज्यांना झटका आला त्यांच्यातल्या बहुतेक थकलेल्या होत्या, यावरून थकलेल्या प्रत्येकीला झटका येणार असे मुळीच ठरत नाही. कावळे काळे असतात म्हणून काळा दिसेल तो कावळा, असे थोडेच म्हणतो? आपल्याकडच्या स्त्रियांच्या थकव्याचे फार मोठे कारण रक्तातली लोहाची कमतरता हे आहे. मग ओळखायचे कशावरून? नवीन आहे का, नेहमीच्यासारखे नाही असे ती स्वतः म्हणते का, आणि श्रमाने वाढून विश्रांतीने कमी होते का, हे पाहायचे. गेल्या महिन्यात जी दोन हंडे घेऊन न थांबता येत होती ती आता वाटेत दोनदा बसते, ही नोंद कोणत्याही यंत्राइतकी मोलाची आहे, आणि ती घरातल्या माणसालाच घेता येते. असा बदल दिसला तर दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. मात्र घाम, मळमळ, धाप, छाती-पाठ-जबड्याचे दुखणे, चक्कर यांतले काही एकाएकी येऊन दहा-पंधरा मिनिटांत गेले नाही, तर दिवस मोजायचे नाहीत, मिनिटे मोजायची.

रुग्णालयात पहिली तपासणी होते ती विद्युत हृदयालेखाची, म्हणजे ईसीजीची. हे यंत्र भौतिकशास्त्राने वैद्यकाला दिलेल्या भेटींपैकी एक असल्यामुळे मी येथे थोडा रेंगाळणार आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका लाटेने सुरू होतो. त्वचेपर्यंत येईतो या लाटेचा दाब उरतो सुमारे एक मिलिव्होल्ट. तुमच्या विजेरीतल्या सेलचा पंधराशेवा भाग. १८८७ साली लंडनमध्ये वॉलर याने तो पहिल्यांदा माणसावर नोंदवला. पुढे तो आपल्या जिमी नावाच्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून लोकांना प्रयोग दाखवी. पण खरी कामगिरी हॉलंडच्या आइनथोवेनची. त्याने चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये क्वार्ट्‌झचा, चांदीचा मुलामा दिलेला, केसाहूनही बारीक धागा ताणला. धाग्यातून हृदयाची वीज गेली की तो किंचित हलायचा आणि त्याची सावली फिरत्या छायाचित्रपट्टीवर उमटायची. असा धागा करण्याची युक्तीही मजेची होती : वितळलेले क्वार्ट्‌झ बाणाला चिकटवून बाण सोडायचा! सगळे यंत्र मिळून पावणेतीनशे किलो वजनाचे, चालवायला पाच माणसे. १९०५ साली त्याने दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रोग्यांचे आलेख टेलिफोनच्या तारेने आपल्या प्रयोगशाळेत घेतले. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्याला याच कामासाठी मिळाले. आज तेच यंत्र पिशवीत मावते आणि आलेख मोबाइलवरून शहरातल्या तज्ज्ञाला क्षणात पाठवता येतो. आलेखाच्या कागदावरचा लहान चौकोन आडवा मोजला तर ०.०४ सेकंद आणि उभे दहा चौकोन म्हणजे एक मिलिव्होल्ट. जुना आलेख घरात असला तर दोन उंच शिखरांमधले चौकोन मोजून नाडीचा वेग काढून पाहा.

या तपासणीसाठी छातीवर सहा ठिकाणी तारा लावाव्या लागतात. गावाकडच्या पुष्कळ बायका केवळ या संकोचाने ‘आता बरं वाटतंय’ म्हणून उठून जातात. खोलीत परिचारिका किंवा घरातली बाई थांबली, पडदा ओढला की हा प्रश्न सुटतो. सुनेने किंवा मुलीने बरोबर जावे ते यासाठी. एकदा आलेख चांगला आला म्हणून सुटलो असेही समजू नये. झटका चालू असतानाही पहिला आलेख साधा दिसू शकतो. म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात, आणि रक्तात ट्रोपोनिन हे प्रथिन वाढले आहे का ते पाहतात. स्नायूच्या पेशी मरू लागल्या की ते रक्तात उतरते, पण त्याला काही तास लागू शकतात. आणखी एक गोष्ट स्त्रियांमध्ये अधिक आढळते : मोठ्या रोहिणी चित्रात मोकळ्या दिसतात, पण त्यांच्या पुढच्या, चित्रात न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांत दोष असतो. मुख्य जलवाहिनी भरून वाहते आणि वस्तीतल्या तोट्या कोरड्या, असे झाले तर पाणी नाही म्हणणारी बाई खोटे बोलते असे कोणी म्हणेल का? ‘अँजिओग्राफी स्वच्छ आहे, मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून अनेकजणी घरी परतल्या आहेत.

झटका येणे आणि हृदय बंद पडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही येथेच सांगतो. झटक्यात नळ तुंबतो, हृदय चालूच असते, माणूस बोलत असतो. हृदय बंद पडले की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि त्याचा श्वास थांबतो. झटक्यातून असे होऊ शकते. त्या वेळी छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे लागते. बाईमाणूस म्हणून येथेही लोक कचरतात. कचरण्यासारखे त्यात काही नाही.

आणि आता वेळेचा हिशेब. रोहिणी पूर्ण बंद झाल्यावर वीस-तीस मिनिटांत स्नायू मरायला सुरुवात होते आणि हे मरण काही तास पसरत जाते. १९८६ साली इटलीत सुमारे बारा हजार रुग्णांवर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा प्रयोग झाला. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जसजसा उशीर तसतसा फायदा घटत गेला. १९८८ च्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात साध्या अॅस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. फुग्याने रोहिणी उघडण्याची सोय शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला कल्याण-ठाण्याच्या बाजूला शोधावी लागते, आणि महामार्गावरची वाहतूक तुम्हांला माहीत आहेच. पावसाळ्यात भातसा फुगली की सापगावचा पूल ओलांडून येणाऱ्यांच्या जिवाला वेगळाच घोर. म्हणून आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात आलेख आणि पहिले औषध, मग पुढचा प्रवास, हा क्रम अशा भागात महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. फोन लावताना ‘आईला बरं वाटत नाही’ एवढेच सांगू नका. वय सांगा, घाम, धाप, कुठे दुखते आणि किती वाजता सुरू झाले ते सांगा, मधुमेह वा रक्तदाब असेल तर तेही. आणि ‘हृदयाचा त्रास असू शकतो’ हे शब्द उच्चारा. अॅस्पिरिनची गोळी चघळायला द्यायची का, किती द्यायची, हे फोनवरच्या डॉक्टरांना विचारा, कारण काहींना ती चालत नाही. गावाचा रस्ता सांगताना शाळा, देऊळ, पूल अशी खूण द्या आणि घरातल्या एकाला रस्त्यावर उभे करा. तिला अर्धवट बसते करून टेकू द्या, चालत कुठेही नेऊ नका. ती बहुतेक म्हणेल की गाडी येईतो तुमच्यापुरत्या दोन भाकऱ्या टाकते. तिला चुलीपाशी जाऊ देऊ नका.